मांडवापुरतं अंगण

घर विकायला काढलं की आपलं घर आपल्याला पहिल्यांदा नीट दिसतं. मला तरी ते त्या दिवशीच दिसलं. एजंटबाई स्कूटीवरून उतरल्या, हेल्मेट काखेत धरून फाटकाबाहेरच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काकू, राग मानू नका. घर आतून छान आहे हो. पण लोक आत येतायत कुठे? फाटकातूनच मागे फिरतात."

राग मानू नका म्हटलं की मला हमखास येतो. नवीन पनवेलमधला कोपऱ्यावरचा बंगला, बाजूला शाळा, चालत जाता येईल असं स्टेशन, आणि लोक फाटकातून मागे फिरतात म्हणजे काय? तणतणतच मी बाहेर गेले, त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि वळून घराकडे पाहिलं. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत नुसतं सिमेंट. ते आम्हीच घातलेलं, दर पावसाळ्यात घरात येणाऱ्या चिखलाला कंटाळून. त्या सिमेंटवर फुटकी पाण्याची टाकी, गंजलेला झोपाळा, जुन्या फरशांची चवड आणि एक नळीवजा काहीतरी, जे काय आहे ते मला आजही सांगता येणार नाही. घर कसलं, गोदाम वाटत होतं.

घर विकायची घाई आम्हाला हौसेपोटी नव्हती. आमच्या ह्यांचे गुडघे कामातून गेलेले. जन्मभर तळोज्याच्या कंपनीत उभ्याने काम केलं, त्याचं हे फळ. हृदयाचं दुखणं असल्यामुळे ऑपरेशनला डॉक्टर तयार नाहीत. सपाटीला काठी घेऊन मजेत चालायचे, पण पायरी आली की संपलं. आणि आमच्या बंगल्याचं जोतं चांगलं कमरेएवढं उंच, पुराच्या भीतीने मुद्दाम बांधलेलं. रॅम्प करून पाहिला होता. तो इतका उभा झाला की पहिल्याच आठवड्यात हे त्यावरून घसरले, मग तो तोडून टाकला. तेव्हापासून हे व्हरांड्यात बसून असत. खाली उतरायचं तर माझा खांदा हवा. केस कापायला जायचं तरी आधी मला विचारायचं, "तुला आज वेळ आहे का गं?" ज्या माणसाने कधी मला विचारून चप्पल घातली नाही, त्याने असं विचारलं की मी हातातलं काम टाकून उठायचे.

खारघरला एक फ्लॅट आम्ही हेरून ठेवला होता. मोठी लिफ्ट, आणि लिफ्टपासून थेट रस्त्यापर्यंत एकही पायरी नाही. मालक मुलाकडे परदेशी जाणार होते. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत थांबतो, त्यापुढे नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे त्याआधी आमचं घर विकलं गेलं पाहिजे, एवढा साधा हिशोब होता.

एजंटबाई गेल्या आणि मी मोबाइल घेऊन बसले. घरासमोर बाग केली की घर कसं पटकन विकलं जातं, याचे किती व्हिडिओ असावेत! आधीचं घर, नंतरचं घर. आधी भकास, नंतर असं की आपणच विकत घ्यावं. मी एकामागून एक पाहत सुटले. दुपारच्या चहाला तोंड लावलं नाही. संध्याकाळी व्हरांड्यात जाऊन ह्यांना जाहीर करून टाकलं, "आपण सिमेंट फोडतोय. बाग करतोय."

"घर विकायचंय ना?"

"म्हणूनच!"

हे म्हणाले, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्यातही गुडघे माझे."

पण त्यांनाही चेव चढला, हे मी सांगितलंच पाहिजे. सिमेंट फोडणारं मशीन आलं, आख्ख्या गल्लीचे कान किटले आणि हे वरून खुर्चीत बसून हुकूम सोडू लागले. इकडे फोडा, तिकडे सांभाळून, पाइप आहे. सिमेंटखाली मुरूम निघाला, डबर निघालं, कुणाची तरी चमचा-वाटी निघाली. ते सगळं खणून काढून आम्ही लाल माती भरून घेतली. पहिला ट्रक रिकामा झाला तेव्हा मातीचा जो वास सुटला, त्याने मी अक्षरशः वेडी झाले. साडी खोचून मातीत उभी राहिले. शेजारीण गच्चीतून विचारते, "काय, शेती करताय का?" म्हटलं, "हो, भात लावणार आहे."

मग नर्सऱ्या. रस्त्याकडेच्या एकाही नर्सरीवरून माझी रिक्षा न थांबता गेली नाही. रिक्षावाला शेवटी म्हणाला, "मावशी, टेम्पोच करा." टेम्पो केला. पाम आणले, सोनचाफा आणला, अनंत आणला, जास्वंदीचे जितके रंग मिळाले तितके आणले. हिरवळ तर गालिच्यासारखी तुकड्या-तुकड्यांनी येते आणि जमिनीवर अंथरतात, हे मला ठाऊकच नव्हतं. सकाळी माती होती, संध्याकाळी हिरवंगार! मधोमध वळणावळणाची दगडी वाट, वाटेच्या दोन्ही अंगांना फुलझाडांचे वाफे आणि बरोबर मध्यभागी एकावर एक तीन मडक्यांचं कारंजं. वरच्या मडक्यातून पाणी खालच्यात, खालच्यातून त्याच्या खालच्यात. कारंजं पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मी टाळ्या पिटल्या. हे वरून म्हणाले, "छान आहे, पण सारखी लघवीला लागल्यासारखं वाटतंय." असा हा रसिक माणूस.

एजंटबाईंनी फोटो काढले आणि खरोखर जादू झाली. फोन वाजू लागले. रविवारी तर रांग लागली. कामोठ्यातल्या फ्लॅटमध्ये घुसमटलेली जोडपी येत, हिरवळीवर चपला काढून चालत, कारंज्यापाशी सेल्फी काढत, माझ्या हातचं सरबत पीत आणि "कळवतो हं" म्हणून जात. एका बाईंनी सोनचाफ्याची फुलं मागून घेतली. एका गृहस्थांनी नर्सरीचा पत्ता घेतला. घराबद्दल कुणी काही विचारेना. त्यात उन्हाळा चढला. पनवेलच्या उन्हाळ्यात नळाला पाणी एक दिवस येतं, एक दिवस नाही, आणि माझी हिरवळ रोज पाणी मागणार. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, आंघोळीचं, सगळं पाणी बादल्यांनी बागेत. नाकापेक्षा मोती जड, असं हे म्हणायचे, आणि मी पुढची बादली उचलायचे.

अशातच एक दिवस मोठ्या गाडीतून एक नवरा-बायको आले. कामोठ्याच्या जुन्या गावठाणातले, आगरी. गावातल्या घराच्या भावाभावांत वाटण्या झाल्या होत्या आणि त्यांना स्वतंत्र बंगला हवा होता. बाई माझ्याच वयाच्या, ठसठशीत, गळ्यात घसघशीत सोनं आणि बोलणं त्याहून घसघशीत. यजमान आले आणि गाडीच्या किल्ल्या फिरवत एका बाजूला उभे राहिले. काही विचारलं की म्हणत, "तिला इचारा."

बाईंनी बाग पाहिली. "झकास केलाय, बाय. डोलं निवलं माजं." मग आत जाऊन घर पाहिलं. भिंतींवर हात थापटून पाहिला, नळ सोडून पाहिले, गच्चीत जाऊन आल्या. घराला हात लावून पाहणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. खाली येऊन त्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि बागेवरून नजर फिरवत म्हणाल्या, "घर पसंत हाय आमाला. पन मांडव कुठं घालायचा?"

"कसला मांडव?"

"कसला म्हंजे? पोरीचं लगीन हाय तुलशीच्या लग्नानंतर. हलद दारात लागंल ना!"

मी म्हटलं, "अहो, आता हॉल घेतात की सगळे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसऱ्याच ग्रहावरून आलेय. "लगीन हॉलात, बाय. हलद दारात. दारात मांडव नाय तं लगीन कसलं? आख्खा गाव येनार, बेंजो येनार, चुली लागनार. तुमच्या कारंज्याव बसवू का त्यांना?" आणि हसून, माझ्या हातावर थाप मारून त्या गेल्या.

मी मटकन पायरीवर बसले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! ज्या मोकळ्या जागेची मला लाज वाटत होती, तीच त्यांना हवी होती, आणि मी ती इंचन् इंच भरून काढली होती. वर व्हरांड्यात हे हसत होते. आधी मला त्यांचा राग आला. मग पाहिलं तर हसता हसता त्यांनी मान दुसरीकडे वळवली होती. त्या क्षणी मला कळलं की त्या बाई गेल्या तशी ह्यांची खारघरची लिफ्टही गेली, असं त्यांनाही वाटलं होतं.

मला राग आला की मी स्वस्थ बसत नाही. दुसऱ्या दिवशी मी थेट त्या बाईंनाच फोन लावला. "मांडवाला जागा लागते तरी किती, ते एकदा सांगा मला."

तिकडून मोठ्याने हसणं. "फोनाव काय सांगू? परवा माझ्या पुतन्याची हलद हाय. या, डोल्यानी बघा."

गेले मी. कामोठ्याच्या त्या टॉवरांच्या आणि क्लासेसच्या गर्दीत इतकं जुनं गाव दडलेलं आहे, हे आमच्या इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबली, कारण गल्लीवरच मांडव घातला होता. दुपारची वेळ, पण काय गडबड! एकीकडे चुलींवर हंडे चढलेले, एकीकडे बेंजोवाले तारा जुळवतायत, पिवळ्या साड्यांतल्या बायका हातात हात अडकवून नाचतायत, आणि मध्ये एक म्हातारी धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी, डोळे मिटून संथ सुरात गातेय. सगळ्या गोंगाटाच्या तळाशी तिचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. मला कुणीतरी ओढलं आणि पुढच्या क्षणी मीही नाचत होते. साठीला टेकलेली बाई, ओळख ना पाळख! इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

मग दमून बसले तेव्हा त्या बाईंनी मला मांडवाच्या कोपऱ्यात नेलं. तिथे लग्नाची मेढ उभी होती, आंब्या-उंबराच्या डहाळ्या बांधलेला खांब. मांडवात पहिली उभी राहते ती मेढ, बाकी सगळं नंतर. ती उभी होती तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात. डब्यात रेती भरलेली, खाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक.

"बघा," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "डब्यात मेढ. भाताची जमीन होती आमची हितं, मैलभर. आन आता मेढ रोवाया वीतभर माती नाय. माझ्या लग्नात माझ्या बापानी पहारीनी खड्डा मारलेला. माझ्या पोरीची पन मी मातीतच रोवनार, सांगून ठेवलंय मी सगल्यांना. घर मिलालं तं ठीक, नाय तं नाय."

मी तिथल्या तिथे किंचाळायचीच राहिले. माती! माती तर माझ्याकडे होती! अख्ख्या सेक्टरमध्ये सगळ्यांच्या दारात सिमेंट, फरशा, पेव्हर ब्लॉक, आणि माझ्या दारात ट्रकच्या ट्रक लाल माती, वर हिरवळ! जेवून जा, जेवून जा, असं त्या ओरडत राहिल्या आणि मी रिक्षात बसलेसुद्धा.

घरी पोचले ती पायरीवरूनच ओरडत. "अहो, कारंजं काढायचं! वाट उखडायची! वाफे कडेला!" ह्यांना वाटलं मला ऊन लागलं. सगळं सांगितल्यावर मात्र ते खुर्चीत ताठ बसले आणि वरून बागेकडे पाहत म्हणाले, "मधलं सगळं काढ. हिरवळ ठेव. झाडं तिन्ही भिंतींना लाव. मला रोज वरून तेच वाटतंय, पण तुझा उत्साह बघून बोललो नाही." मी म्हटलं, बोलला असतात तर तुमच्याच डोक्यावर मडकी फोडली असती.

तो आठवडा आम्ही भुतासारखे राबलो. म्हणजे मी आणि दोन गडी राबलो आणि हे ओरडले. दगडी वाट गेली. कारंजं नर्सरीवाल्याने तोंड वाकडं करत परत नेलं. पाम भिंतीला गेले, सोनचाफा कोपऱ्यात, जास्वंदी ओळीने. आणि मध्ये उरली मोकळी, सलग हिरवळ. संध्याकाळी मी फाटकाबाहेर जाऊन पाहिलं. घर एकदम मोठं, उजळ, ये म्हणणारं दिसत होतं. पहिल्या बागेत लोक बाग बघत होते. आता नजर हिरवळीवरून सरळ घराच्या दारापर्यंत जात होती.

त्या बाईंना फोन करून मी एवढंच म्हटलं, "पहार घेऊन या."

आणि त्या खरंच पहार घेऊन आल्या! सोबत यजमान, जाऊ आणि लग्नाची मुलगी. फाटकातून आत आल्या, इकडे-तिकडे पाहिलं, पदर खोचला आणि फाटकाच्या उजव्या अंगाला उभ्या राहून दोन्ही हातांनी पहार उचलली. माझी हिरवळ! मी इतके दिवस आंघोळीच्या पाण्यावर जगवलेली हिरवळ! खच्चकन पहार आत गेली. त्यांनी ती हलवून बाहेर काढली, पुन्हा मारली, ती आणखी आत गेली. खाली वाकून त्यांनी भोकातली ओली माती चिमटीत घेतली, बोटांनी चोळली आणि नवऱ्याकडे वळून ओरडल्या, "गेली ओ! आत गेली!"

यजमानांच्या हातातल्या किल्ल्या पहिल्यांदाच फिरायच्या थांबल्या.

पुढे मग त्यांना कुणी आवरेना. "हितं मेढ. चुली तिकरं मागं, धूर घरात नको. बेंजो भिंतीपाशी. धवलारीण हितं, सावलीत." मुलगी मोबाइलवर चित्रीकरण करत हिंडत होती, "आई, माझा स्टेज पायरीसमोर!" जाऊबाई पावलांनी जागा मोजत होत्या आणि मोजणी विसरून पुन्हा सुरू करत होत्या. मी त्यांच्या मागे मागे. कुणी आता घराचा सौदा करत नव्हतं, सगळे लग्नाला लागले होते. तेवढ्यात बाईंनी वर व्हरांड्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमी वरशी बघताव, सांगा. मांडव तुमच्या पायरीपातूर येल का?"

हे गंभीरपणे उठले, कठड्याला धरून उभे राहिले, एक डोळा मिटून त्यांनी नजरेने माप घेतलं आणि म्हणाले, "येईल. चाफ्याला धक्का न लागता येईल."

"मंग झालं," बाई म्हणाल्या. एजंटबाईंना आम्ही फोन करून घराचा सौदा ठरल्याचं कळवलं, तेव्हा त्यांना आधी खरंच वाटलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही खारघरला आलो. पहिल्या दिवशी ह्यांनी लिफ्टचं बटण स्वतः दाबलं, आणि त्याचा त्यांना जो आनंद झाला तो पाहून लिफ्टमधल्या अनोळखी बाईसुद्धा हसल्या. पण एक गोष्ट मला आत आत खात होती. पायऱ्या गेल्या तरी हे एकटे बाहेर जाईनात. खालच्या लॉबीपर्यंत जायचे, सोफ्यावर बसायचे, परत यायचे. "उद्या जाईन गं फाटकाबाहेर," म्हणायचे. गुडघ्यांपेक्षा धीर जास्त खचला होता. ज्याच्यासाठी घर सोडलं तेच होत नव्हतं. पाऊस संपला, दिवाळी झाली, आणि मी सांगायचंही सोडून दिलं.

तुळशीची लग्नं लागली आणि त्या बाईंचं बोलावणं आलं. हळदीला दोघांनी यायचंच. हळदीच्या दिवशी मी नवरीमुलीसाठी साडी घ्यायला बाजारात गेले. येऊन ह्यांना तयार करून घेऊन जायचं, असं ठरलेलं. दुकानात जरा जास्तच रमले. परत आले तर दाराला कुलूप. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. मी धावत खाली आले. वॉचमन म्हणाला, "साहेब रिक्षात बसून गेले. बरोबर कुणी नव्हतं. पनवेल म्हणाले."

रिक्षात मी देवाचं नाव घेत बसले आणि मधूनमधून ह्यांना शिव्या देत होते. आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशीच बेंजो ऐकू आला. फाटकापासून पायरीपर्यंत मांडव घातलेला, पिवळ्या साड्यांचा नुसता समुद्र, आणि मेढ जमिनीत घट्ट रोवलेली. मी गर्दीतून वाट काढत ह्यांना शोधू लागले. वर व्हरांड्यात नव्हते. खुर्च्यांच्या रांगेत नव्हते.

हे मांडवाच्या मधोमध उभे होते. एका हातात काठी, दुसरा हात बेंजोच्या ठेक्यावर वर-खाली होतोय, दोन्ही गाल हळदीने पिवळेधमक. बाई मला बघून ओरडल्या, "उशीर केला, बाय! भाऊ कवाचं आल्यात!"

ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. शाळेतून पहिल्यांदा एकट्याने घरी आलेल्या पोराचा असतो तसा चेहरा झाला होता. म्हणाले, "अगं, रिक्षा मिळायला मुळीच त्रास झाला नाही."

मी त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं, आणि भर मांडवात मला रडूच कोसळलं.